हेमाच्या खेळातलं साचेखातं

धर्मा कासारे हा काही खोटं बोलणाऱ्यांतला माणूस नव्हता. घोडपदेवच्या त्याच्या चाळीत नळावरचं भांडण विकोपाला गेलं की दोन्ही बाजू त्यालाच साक्षीला ओढायच्या, यावरून काय ते समजा. पण एक खोटं तो वर्षानुवर्षं बोलला, आणि तेही पोटच्या पोरांशी. गिरणीत तो रिंग खात्यात होता, म्हणजे सूत कातायच्या खात्यात. कापड विणायचं ते साचेखातं. तिथे पगार जास्त, आणि साचेवाल्यांचा रुबाब तर विचारू नका. तुम्ही तिथे का नाही गेलात, असं पोरांनी विचारलं की धर्माचं उत्तर ठरलेलं असायचं. "मला तो आवाज सोसत नाही. डोकं उठतं."

आता रिंग खात्यात काय सनई वाजायची? पण बापाला उलट विचारणारी पोरं ती नव्हती. थोरला हेमचंद्र, म्हणजे हेमा, आणि धाकटी नलू, दोघांनी ते ऐकून घेतलं आणि विषय संपला.

खरी गोष्ट निराळी होती. साच्यावर जो लाकडी धोटा इकडून तिकडे धावतो, त्यात सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक एका बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं. त्या काळी ते तोंडाने ओढत. भोकाला ओठ लावायचे, श्वास आत घ्यायचा, सूत जिभेवर येतं. एका पाळीच्या माणसाने उष्टा केलेला धोटा दुसऱ्या पाळीच्या माणसाच्या तोंडी लागायचा. म्हणून महारवाड्यातून आलेल्या माणसाने साचेखात्यात पाऊल टाकायचं नाही, असा रिवाज होता. दारावर पाटी नव्हती. असल्या गोष्टींना पाटी लागतच नाही, सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

त्रेपन्न साली धर्मा एकोणीस वर्षांचा होता. राजाराम नावाचा एक साचेवाला त्याचा दोस्त झाला होता, खेडकडचाच, धर्माच्या गावापासून दोन कोसांवरचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत खातं रिकामं असताना राजारामने त्याला आत बोलावलं. "ये रे. हात चांगले आहेत तुझे, शिकून ठेव." धर्माने धोटा घेतला, ओठांना लावला आणि पहिल्याच दमात सूत बाहेर काढलं. राजाराम खूश झाला. तेवढ्यात तीन साचेवाले दारातून आत आले. त्यातल्या एकाने विचारलं, "ह्याला कुणी बोलावलं?"

राजाराम तेव्हा बावीस वर्षांचा. तो म्हणाला, "मला काय माहीत? आपला आपणच घुसला." आणि त्याने तो धोटा फडक्यात धरून टाकाऊ सामानाच्या पेटीत टाकला.

धर्मा बाहेर आला. कोणी त्याला हात लावला नाही. मार पडला असता तर बरं झालं असतं, मार चार लोकांत सांगता येतो. ही गोष्ट त्याने कोणालाच सांगितली नाही. बायकोला, रमाबाईलाही नाही. राजारामशी मात्र तो पुढे चाळीस वर्षं बोलत राहिला. दोघांनी मिळून हजार चहा प्यायले असतील, ब्याऐंशीच्या संपात दोघे एकाच मोर्चात चालले, पण त्या धोट्याबद्दल दोघांपैकी एकानेही कधी चकार शब्द काढला नाही.

संपात गिरणी बंद झाली ती झालीच. धर्मा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. दारूखान्यातल्या एका गोदामावर राखणीला लागला. राजारामने लालबागला, मसाला कुटायच्या डंकांच्या समोर, नारळाची गाडी लावली. हेमा चौदा वर्षांचा होता. तो शाळेतून येताना त्या गाडीपाशी थांबायचा, राजारामकाका त्याला खोबऱ्याचा तुकडा द्यायचा.

पोरगं हुशार निघालं. दादरला एक कॉम्प्युटरचा क्लास होता, तिथे आधी शिकायला आणि मग शिकवायला लागलं. नव्वद साली त्याने तिथल्या यंत्रावर एक खेळ बनवला. चित्र नाही, आवाज नाही, नुसत्या ओळी. काळ्या पडद्यावर अक्षरं यायची: "तुम्ही गिरणीच्या फाटकात उभे आहात. भोंगा झाला आहे. पूर्वेला टाइम ऑफिस आहे." मग आपण कळांवर "पूर्व" असं लिहायचं, की टाइम ऑफिस. "कार्ड घे" म्हटलं की कार्ड हातात. असं एकेका खोलीतून फिरत, कामं करत जायचं आणि शंभर गुण मिळवायचे. त्या यंत्राला मराठी अक्षरं येत नव्हती, म्हणून हेमाने सगळं मराठी इंग्रजी लिपीत लिहिलं होतं. यंत्राला मोजून पन्नास-साठ शब्द कळायचे.

हा खेळ त्याने बापासाठी केला होता. गिरणी बंद पडून आठ वर्षं झाली होती आणि फाटकातला पहारेकरी जुन्या कामगाराला आत सोडत नव्हता. हेमाने कॅलेंडरच्या पाठीवर धर्माकडून अख्ख्या गिरणीचा नकाशा काढून घेतला आणि बापाला रोज संध्याकाळी पाटीवर इंग्रजी अक्षरं गिरवायला लावली. चौथी शिकलेला छप्पन वर्षांचा बाप ए बी सी डी गिरवतोय हे बघून रमाबाईची हसून हसून पुरेवाट व्हायची.

एका रविवारी क्लास रिकामा असताना हेमा त्याला दादरला घेऊन गेला. धर्मा खुर्चीत बसला, एका बोटाने कळा दाबत फाटकातून आत शिरला. हेमा मागे उभा होता. रिंग खातं झालं, कॅन्टीन झालं, मग मधलं अंगण आलं. पडद्यावर लिहून आलं: "पश्चिमेला साचेखात्याचं दार आहे. दार उघडं आहे." धर्माचं बोट कळांवर थांबलं. मग त्याने "पूर्व" लिहिलं आणि तो आल्या वाटेने परत फिरला.

"बाबा, तिकडे नाही जायचं?" हेमाने विचारलं.

"तिथं काय आहे? नुसता आवाज."

हेमा "बरं," म्हणाला, आणि दोघे चहा प्यायला बाहेर पडले.

त्याच वर्षी हेमाला कावीळ झाली आणि ती उलटली. परळच्या इस्पितळात बावीस दिवस होता. बोलायची ताकद होती तोवर त्याने बापाला दोनदा सांगितलं, "खेळ पुरा करा बाबा. एकही खोली सोडू नका." तेविसाव्या दिवशी तो गेला. पुढे दादरचा क्लास बंद पडला, यंत्रं कुठे विकली गेली कुणास ठाऊक. हेमाच्या वस्तूंत एक मोठी, पातळ, वाकणारी फ्लॉपी होती. धर्माने ती कोऱ्या रुमालात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. राजाराम त्र्याण्णव साली गेला, रमाबाई त्यानंतर तीन वर्षांनी.

हेमा जाऊन अशी चौदा वर्षं झाली.

नलूचं लग्न झालं नाही म्हणा किंवा तिने केलं नाही म्हणा. ती घरीच टायपिंगची कामं घ्यायची. लग्नपत्रिका, विहाराची पत्रकं, वर्षावासाच्या कार्यक्रमांची हँडबिलं. दोन हजार चार साली तिने त्यासाठी नवा कॉम्प्युटर घेतला. तो खोक्यातून बाहेर येत होता तेव्हा धर्मा ट्रंकेपाशी जाऊन बसला आणि त्याने रुमाल बाहेर काढला.

"ह्याच्यात चालेल का गं हे?"

नव्या यंत्राला ती फ्लॉपी घालायला फटच नव्हती. नलूने दत्तूला बोलावलं. दत्तू हेमाचा क्लासमधला जोडीदार. आता चिंचपोकळीला त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने भंगारातल्या एका यंत्राचं फ्लॉपी वाचायचं जुनं तोंड उपटून आणलं, नव्या यंत्राला जोडलं आणि फ्लॉपी त्यात घातली. दोनदा यंत्राने नकार दिला. तिसऱ्यांदा घरघर झाली आणि खेळ नव्या यंत्रात उतरला.

"काका, बसा," दत्तू म्हणाला आणि त्याने खेळ सुरू केला.

पडद्यावर काहीतरी चमकलं आणि गेलं. पुन्हा चमकलं, पुन्हा गेलं. शब्द येत होते, पण डोळ्यांनी धरायच्या आत पुसले जात होते. धर्माने चष्मा काढून पुन्हा घातला. दत्तूने तीन वेळा सुरू केलं, तिन्ही वेळा तेच. सत्तर वर्षांचा म्हातारा पोराला पोचवताना रडला नसेल तसा तिथे रडायला लागला. "गेलं," एवढंच म्हणत होता. "हे पण गेलं."

"काही गेलं नाही हो काका," दत्तू म्हणाला. "उलट सगळं जागच्या जागी आहे. ऐका तर. हेमाने ह्यात लिहून ठेवलंय, एक ओळ दाखव, मग पाच हजारपर्यंत मोज, मग पुढची दाखव. तेव्हाच्या यंत्राला पाच हजार मोजायला पाचेक सेकंद लागायचे. हे नवं आहे ना, हे डोळ्याचं पातं लवायच्या आत मोजून मोकळं होतं."

"पाच हजार कशाला?"

"तुमच्यासाठी. आम्ही पोरं करवादायचो, अरे किती वेळ थांबायचं? तर म्हणायचा, माझा बाप अक्षर अक्षर जुळवून वाचतो, त्याचं होईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं."

दत्तूने दुसऱ्या दिवशी एक प्रोग्राम आणला, तो नव्या यंत्राला जुन्याच्या चालीने चालायला लावायचा. त्याने चाल उतरवत उतरवत नेली आणि शेवटी पडद्यावर एक ओळ आली, आणि थांबली. "तुम्ही गिरणीच्या फाटकात उभे आहात."

धर्माने ती ओळ मोठ्याने वाचली. पुढची ओळ त्याचं वाचून झाल्यावरच आली.

त्यानंतर रोज दुपारी, नलू जेवून जरा आडवी झाली की धर्मा कामावर जायचा. खरंच तसं म्हणायचा, "जरा कामावर जाऊन येतो," आणि खुर्चीवर बसायचा. कार्ड घेतलं, कापूस पिंजायच्या कार्डिंगमध्ये गेला, रिंग खात्यात बॉबिनी बदलल्या. हेमाने बॉयलर चुकीच्या बाजूला ठेवला होता. "एवढा नकाशा काढून दिला, तरी बॉयलर कॅन्टीनशेजारी घातलान! सगळे उकडून मेले असते," असं तो नलूला हसत सांगायचा. तिला बरं वाटायचं, बापाला हसताना बघून जमाना झाला होता. अकराव्या दिवशी त्याचे नव्वद गुण झाले. आणि मग ते नव्वदवर अडकले ते अडकलेच.

आठवडा गेला. नलूच्या लक्षात आलं की बाबा त्याच त्याच खोल्या फिरतायत. "बाबा, साचेखातं राहिलंय ना?"

"तिथं काही नाही."

"पण दार उघडं आहे असं लिहिलंय."

"अगं, मीच त्याला सांगितलंय ना, तिथं नुसता आवाज म्हणून! तो काय वेगळं घालणार त्यात?" धर्मा चिडून म्हणाला. एरवी तो नलूवर चिडायचा नाही.

दत्तू आला तेव्हा त्याने सोपा उपाय सांगितला. हेमाने लिहिलेलं सगळं आतून उघडून बघता येत होतं, पाच मिनिटांचं काम. धर्मा ताडकन उठला. "नाही. त्याने खेळायला दिलंय, उचकटायला नाही."

पण कारण ते नव्हतं. साचेखात्यात खरंच नुसता आवाज लिहिलेला असला, तर पोरगं बापाचं खोटं खरं मानून गेलं. मग गोष्ट तिथेच मिटली. आणि तिथे दुसरं काही असलं, तर हेमाला सगळं माहीत होतं, आणि दादरला त्या रविवारी तो मागे उभा राहून आपला बाप खोटं बोलताना ऐकत होता. दाराबाहेर राहिलं तोवर दोन्ही खरं असू शकत होतं. आत गेलं की एकच. धर्माला त्या एकाची भीती वाटत होती, म्हणून तो रोज अंगणापर्यंत जाऊन परत फिरत होता. शिवाय दुसरंही होतं, आणि ते सांगायला त्याला स्वतःलाच लाज वाटली असती. खेळातलं का होईना, त्या दारातून आत जायला त्याचं बोट उठत नव्हतं. पन्नास वर्षं झाली, छप्पन सालची दीक्षा झाली, घरातले देव गेले, पण बोट काही उठत नव्हतं.

एका दुपारी अंगणात आल्यावर तो बराच वेळ तसाच बसून राहिला. नलू जागीच होती. ती उठून त्याच्या मागे येऊन उभी राहिली. धर्माने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं, आणि "पश्चिम" लिहिलं.

"तुम्ही साचेखात्यात आहात. चारशे साचे चालू आहेत. आवाज खूप आहे."

मग तो मोजायचा वेळ गेला, आणि खाली दुसरी ओळ आली.

"बाबा, हा आवाज तुम्हाला सोसतो. मला माहीत आहे."

धर्माच्या तोंडून काहीतरी निघालं, शब्द नव्हता तो. नलूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पडदा पुढे सरकला. "चौथ्या रांगेत राजारामकाका उभे आहेत. ते तुमच्या हातात धोटा देतात. कांडी नवी आहे, सूत आत आहे. काय करता?"

नलूला काही कळेना. धर्माला ते कोणी सांगायची गरज नव्हती. "तोंडाने ओढ," त्याने लिहिलं.

"सूत पहिल्याच दमात जिभेवर आलं. तीन माणसं दारातून आत येतात. एकजण विचारतो, ह्याला कुणी बोलावलं?"

इथे यंत्र थांबलं. पाच हजार मोजेपर्यंत तो प्रश्न पडद्यावर तसाच होता आणि धर्मा खुर्चीत अंग चोरून बसला होता. सूत पहिल्याच दमात आलं होतं, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. म्हणजे दुसऱ्याने सांगितलं होतं.

"राजारामकाका म्हणतात, मी बोलावलं. ते तुमच्या हातून धोटा घेतात, स्वतःच्या ओठांना लावतात आणि साच्यात घालतात. साचा चालू होतो. शंभरपैकी शंभर."

आणि त्याच्याखाली, एकेक ओळ थांबत थांबत, आलं: "बाबा, राजारामकाकांनी मला नारळाच्या गाडीवर सगळं सांगितलं. ते रडले. म्हणाले, मी असं म्हणायला हवं होतं, तुझ्या बापाला सांग. मला तुमच्यासमोर ते बोलवेना. म्हणून हे केलं. तुम्ही आत आलात की आपण बोलू. हेमा."

धर्माने ते दोनदा वाचलं. "आपण बोलू," तो म्हणाला. "नले, त्याला बोलायचं होतं गं. दार उघडून उभा होता तो माझ्यापाठी, आणि मी त्याला चहा पाजायला घेऊन गेलो." मग त्याने नलूला त्रेपन्न सालची ती दुपार सांगितली, पहिल्यापासून, राजारामच्या फडक्यासकट. आयुष्यात पहिल्यांदा सांगत होता, पण अडखळला नाही. नलू जमिनीवर बसून ऐकत होती आणि तिचे डोळे थांबत नव्हते. तिला बापाचा राग आला, दादाचाही आला. दोघांनी एकमेकांना सांभाळून घेण्याच्या नादात बोलायचं तेवढं ठेवून दिलं होतं.

खेळ संपला होता, पण यंत्र बंद झालं नव्हतं. शेवटच्या ओळीखाली ती छोटी रेघ उघडझाप करत पुढच्या शब्दाची वाट बघत होती. धर्माचं तिच्याकडे लक्ष गेलं. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत लिहिलं: "हेमा मी खोटं बोललो."

पडद्यावर हेमाची ओळ आली. "समजलं नाही. दुसऱ्या शब्दांत सांगा."

ओळखीचा शब्द नसला की यंत्र कोणालाही हेच म्हणतं, हे नलूला माहीत होतं. ती सांगायला गेली, पण तिच्याने सांगवेना. धर्मा मान हलवत होता, पोराचं म्हणणं रास्त असल्यासारखा. त्याने पुन्हा लिहिलं. "मला तुझ्यासमोर लाज वाटली."

"समजलं नाही. दुसऱ्या शब्दांत सांगा."

"सांगतो," धर्मा पुटपुटला. त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, आणि बोट कळांवर धरून तो दुसरे शब्द शोधू लागला.